गिनिपिग : पायांचे विकार व शुश्रूषा

गिनिपिगचे तळवे लाल होणे, त्यांवर घट्टे पडून जखमा होणे आणि पाय आखडून चाल मंदावणे या पाळीव गिनिपिगांत वरचेवर दिसणाऱ्या व एकमेकींत गुंतलेल्या तक्रारी आहेत. तळव्याच्या विकाराला पशुवैद्यकात पोडोडर्माटायटिस हे नाव आहे. पाळणारे मात्र ‘बंबलफूट’ म्हणतात. कोंबड्यांच्या तळव्यांनाही असाच विकार होतो, त्यामुळे कुक्कुटपालकांना हा शब्द आधीपासून ओळखीचा. पाय आखडण्यामागे एकच एक रोग नसतो. क जीवनसत्त्वाची उणीव, सांध्यांची झीज, हाडांचा आनुवंशिक दोष, स्नायूंत चुना (कॅल्शियम) साचणे, मुलांच्या हातून पडणे, यांतले काहीही असू शकते आणि वरून सगळे सारखेच दिसते : प्राणी अंग फुगवून कोपऱ्यात बसतो, उचलायला गेले की किंचाळतो. औषधाची निवड पशुवैद्याने करायची आहे. पायाखालची जमीन आणि पुढ्यातला चारा मात्र घरच्यांच्या हातात असतो, आणि दुखणे बहुधा त्या दोहोंतूनच आलेले असते.

गिनिपिग (केव्हिया पोर्सेलस) हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला कृंतक, म्हणजे उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी. पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर या भागांत तो हजारो वर्षांपासून मांसासाठी पाळला जातो; तिथे त्याला ‘कुय’ म्हणतात. डुकराशी त्याचे नाते नाही आणि गिनी देशाशीही नाही. मराठी माणसाला तो मुख्यत्वे ‘आम्ही काय गिनिपिग आहोत का?’ या त्राग्यातून माहीत असतो, तोही उगीच नाही. या नोंदीतली निम्मी माहिती प्रयोगशाळेतल्या गिनिपिगांच्याच पायांवरून मिळालेली आहे. पुरा वाढलेला प्राणी साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरतो. पुढच्या पायांना चार-चार व मागच्यांना तीन-तीन बोटे असतात. सशाच्या तळपायाला केसांची गादी असते, गिनिपिगचा तळवा उघडा असतो. त्याचे रानटी भाईबंद गवतात राहतात. तो तळवाही गवतासाठीच घडला आहे. लोखंडी जाळी, गुळगुळीत टाइल किंवा मूत मुरलेला वर्तमानपत्राचा कागद यांच्यासाठी नाही.

तळव्याचा विकार : निरोगी तळवा मऊ, कोरडा, फिकट गुलाबी किंवा (गडद रंगाच्या प्राण्यात) काळा असतो. दुखणे सुरू होते तेव्हा तळव्याच्या मांसल गादीच्या मध्यावर गुळगुळीत, चकचकीत लाल ठिपका उमटतो. बोटाने हलके दाबल्यास तिथे ऊब जाणवते. या टप्प्यावर प्राणी नेहमीसारखाच खातो-पितो, म्हणून आठवड्यातून एकदा पाय उलटे करून बघणाऱ्यालाच तो ठिपका सापडतो. पुढे तिथली कातडी जाड होते, सोलते, तडकते आणि त्या भेगेतून जंतू शिरतात. त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा नेहमीचा. मग सूज येते, खपली धरते, खपलीखाली पू होतो. पुढच्या पायांना हा त्रास विशेष होतो. संसर्ग कंडरांत, सांध्यात, शेवटी हाडात उतरू शकतो. महिनोन्‌महिने रेंगाळलेल्या दुखण्यात मूत्रपिंड, यकृत, प्लीहा यांत अमिलॉइड नावाचे प्रथिन साचते, आणि तळव्यापासून सुरू झालेला आजार त्या अवयवांपर्यंत पोहोचतो.

जाळीचा तळ हे पहिले कारण. बाजारात गिनिपिग पुष्कळदा पक्ष्यांसाठी केलेल्या पिंजऱ्यासकट विकला जातो. त्या पिंजऱ्याचा तळ विष्ठा खाली पडावी म्हणून तारेचा असतो. पक्षी दांडीवर बसतो, गिनिपिगला मात्र दिवसरात्र त्या तारांवरच उभे राहावे लागते. तारांच्या फटीत पाय अडकून हाड मोडल्याचीही उदाहरणे आहेत, ते वेगळेच. याखेरीज ओले अंथरूण, लठ्ठपणा, हालचालीला जागा नसणे आणि वाढलेली नखे. नख वाढून वळले की पाऊल सरळ टेकत नाही आणि सगळा भार गादीच्या एकाच बिंदूवर येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कापडी अंथरूण धुतले तरी नीट वाळत नाही. दमट चादर पिंजऱ्यात परत घालण्यापेक्षा कागदी लगद्याचे किंवा सुक्या गवताचे अंथरूण त्या दिवसांत बरे.

एका गोष्टीने मात्र पाळणारे विनाकारण घाबरतात. वय वाढलेल्या गिनिपिगच्या पुढच्या तळव्याच्या कडेला कातडीचा कोरडा, शिंगासारखा कोंब निघतो. त्याला ना सूज असते, ना लाली. तो रोग नव्हे. खटकत असेल तर टोकाचा निर्जीव भाग नखासारखा कापता येतो, मुळाशी कात्री लावायची नाही.

क जीवनसत्त्व आणि आखडलेले पाय : बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. ते तयार होण्याच्या साखळीतले शेवटचे विकर (एन्झाइम), गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज, माणसात नाही आणि गिनिपिगमध्येही नाही. त्यामुळे ते रोजच्या रोज चाऱ्यातूनच मिळावे लागते. या जीवनसत्त्वावाचून कोलॅजन हे ऊतकांना बांधून ठेवणारे प्रथिन धड तयार होत नाही आणि कातडी, कंडरा, रक्तवाहिन्या, हाडांची टोके सगळीच कच्ची राहतात. उणीव पडली की दोन-तीन आठवड्यांत लक्षणे दिसतात : केस विस्कटलेले, भूक मंद, वजन उतरते, गुडघे व घोटे सुजलेले. सांध्यांभोवती आणि हाडांच्या आवरणाखाली रक्त झिरपते, त्याच्या वेदना असतात. प्राणी पाय उचलून चालण्याऐवजी सशासारखा दोन्ही मागचे पाय एकदम टाकतो, किंवा हालायचेच टाळतो. तळव्याची जखमही अशा वेळी भरत नाही, कारण भरून यायला लागणारा ऊतक तयारच होत नसतो. पाय आखडलेला गिनिपिग पुढे आला की पशुवैद्य आधी त्याच्या ताटाची चौकशी करतो ती यासाठी.

हा रोग म्हणजे खलाशांचा स्कर्व्ही. १९०७ मध्ये नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे जहाजांवरच्या बेरीबेरीसारख्या (ब१ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगासारख्या) आजाराचा अभ्यास करत होते. गिनिपिगांना त्यांनी नुसते धान्य घातले, तेव्हा बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला. कोबी व लिंबाचा रस दिल्यावर तो टळला. प्राण्यात स्कर्व्ही घडवून अभ्यासता येतो हे प्रथमच कळले. पुढे हंगेरीतल्या सेगेद येथे आल्बेर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञांकडच्या हेक्झुरोनिक आम्लाची परीक्षाही १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस गिनिपिगांवरच झाली आणि ते आम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व ठरले. १९३७ चे नोबेल सेंट-ज्यॉर्जींना मिळाले.

निरोगी प्राण्याला किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. गाभण मादीला वरची मात्रा. उणीव झाल्यावर पशुवैद्य किलोमागे ५० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत जातात. रोज पंचवीसेक ग्रॅम भोपळी मिरची दिली तर एक किलोच्या प्राण्याची साधी गरज भागते. कोथिंबीर चालते. आवळ्यात भरपूर, पण आंबट-तुरट असल्याने बहुतेक प्राणी तोंड फिरवतात. किसाची चिमूट मिरचीच्या तुकड्याला लावून बघावी. पेरूत शंभर ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि पेरूहून आलेल्या प्राण्याला पेरू आवडतो हे ओघानेच आले. पण साखरेमुळे तो फोडीएवढाच, तोही अधूनमधून. चाऱ्याच्या गोळ्यांवर ‘क जीवनसत्त्वयुक्त’ असे छापलेले असले तरी तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत त्यातले निम्मे नाहीसे होते, म्हणून पाकिटावरची तारीख पाहून लहान पाकीट घ्यावे. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकायची पद्धत निरुपयोगी आहे. उजेडात आणि धातूच्या नळीशी ते झपाट्याने नासते, शिवाय चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो. सुई नसलेल्या सिरिंजने थेंब थेट गालाच्या कडेने तोंडात सोडावेत. मात्र माणसांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या नकोत : त्यांतले ड जीवनसत्त्व जादा झाले तर शरीरात नको तिथे चुना साचतो.

सांधे, हाडे, चुना : वयस्क व जड गिनिपिगांत गुडघ्यांचा संधिवात पुष्कळ आढळतो. डंकिन-हार्टली या प्रयोगशाळेतल्या वाणात तर तो जन्मानंतर तीन महिन्यांपासूनच आपोआप सुरू होतो, आणि म्हणूनच माणसांच्या संधिवाताच्या औषधांची चाचणी या वाणावर घेतात. सॅटिन जातीच्या, म्हणजे रेशमी तकाकीच्या केसांच्या गिनिपिगांचे दुखणे निराळे आहे. ज्या जनुकामुळे ती तकाकी येते त्याच्याशी हाडांतले खनिज निघून जाण्याचा विकार जोडलेला आहे. अशी जनावरे तरुणपणीच ताठ पायांनी उड्या टाकत चालतात, पुढे त्यांना चावणेही जड जाते. त्यावर उपाय नाही. निव्वळ चमकेसाठी ही पैदास चालू ठेवणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

तिसरा प्रकार स्नायू व सांध्यांभोवती कॅल्शियम साचण्याचा. चाऱ्यात फॉस्फरस जास्त आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम कमी असले की तो संभवतो. एक वर्षावरच्या नरांत अधिक. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये रोझालिंड वुल्झेन यांनी साय काढलेल्या दुधावर ठेवलेल्या गिनिपिगांची पुढची मनगटे ताठ होतात असे दाखवले होते. कच्ची साय आणि उसाचा ताजा रस यांत ती ताठरता घालवणारा घटक आहे असे त्यांचे म्हणणे होते. हे वाचून कुणी गिनिपिगला रस पाजू नये. ताजे गवत पुरते.

शुश्रूषा : पहिल्याच दिवशी तळ बदलावा. जाळी असेल तर त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर टॉवेल किंवा जुन्या सुती साडीची गोधडी, वर लोकरीसारखे फ्लीसचे कापड. फ्लीसमधून ओल खाली झिरपते आणि पाय कोरडे राहतात. धागे सुटलेले कापड नको, बोटाभोवती आवळते. कोपऱ्यातला ओला भाग रोज काढायचा. देवदाराचा भुसा वासाला बरा वाटला तरी त्यातली तैलद्रव्ये श्वसनाला व यकृताला बाधतात. पायऱ्या, उतार, मजल्यांचे पिंजरे दुखणे असेपर्यंत बंद. पाणी, गवत आणि लपायची जागा दोन पावलांत असावी. दुखणारा प्राणी चार फूट चालण्यापेक्षा उपाशी बसणे पसंत करतो आणि गिनिपिगचे आतडे एक दिवसही रिकामे राहणे धोक्याचे.

पाय धुताना प्राण्याला मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळावे, पाठ आपल्या पोटाशी, एक हात छातीखाली. वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणात क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक मिसळावे आणि पाऊल काही मिनिटे बुडवून ठेवावे. खपली ओढायची नाही. मग टिपून, बोटांच्या बेचक्यांतूनही, पूर्ण कोरडे करावे. हळद-तेल, मलम, माणसांचे वेदनाशामक जेल यांपैकी काही लावले तर ते दोन मिनिटांत चाटून पोटात जाते. पट्टी बांधायची असेल तर ती पशुवैद्याकडूनच शिकून घ्यावी. घट्ट पट्टीने सूज वाढते, सैल पट्टी कुरतडली जाते. नखे तीन-चार आठवड्यांनी कापावीत. पांढऱ्या नखात रक्तवाहिनी दिसते, काळ्या नखात मागून टॉर्च धरावा लागतो. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरावी.

वेदनेवर पशुवैद्य सहसा मेलॉक्सिकॅम देतात. संसर्ग असेल तर प्रतिजैविक लागते आणि इथे घरच्या औषधपेटीला हात लावू नये. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही माणसांची नेहमीची औषधे गिनिपिगच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मारतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जंतू माजतो आणि प्राणी काही दिवसांत दगावतो. पेनिसिलिनचा हा परिणाम १९४३ मध्येच नोंदला गेला. ऑक्सफर्डमध्ये १९४० साली पेनिसिलिनची पहिली परीक्षा उंदरांवर झाली. गिनिपिगांवर झाली असती तर ते औषध विषारी म्हणून बाजूला पडले असते असे म्हणतात, ते याचमुळे. एन्‍रोफ्लॉक्सासिन आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही त्यातल्या त्यात सुरक्षित. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ, पण गिनिपिग हाताळलेला डॉक्टर आधी फोन करून शोधलेला बरा.

लठ्ठ प्राण्याचे वजन उतरवायचे ते धान्य, बिस्किटे, गोळ्यांची मात्रा कमी करून; उपास घालून नव्हे. गवत मात्र अखंड. परदेशी टिमोथी गवताची पाकिटे महाग पडतात. गणपतीच्या दूर्वा ज्या हरळीच्या असतात ती स्वच्छ, फवारणी नसलेल्या जागेची ताजी हरळी चालते. लसूणघास गुरांना पौष्टिक, पण त्यातल्या कॅल्शियममुळे मोठ्या गिनिपिगला मूतखडे होऊ शकतात. तो पिलांना आणि गाभण मादीला द्यावा. आजारपणात किचनच्या वजनकाट्यावर टोपले ठेवून रोज एकाच वेळी वजन घ्यावे. गिनिपिग दुखणे लपवतो, पण काट्यावर ते लपत नाही. किलोच्या प्राण्याचे शंभर ग्रॅम उतरले तर पायाचे प्रकरण बाजूला ठेवून आधी त्याला हाताने भरवण्याची सोय करावी.

नुसती लाली असेल तर तळ बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांत कातडी निवळू लागते. उघडी जखम भरायला महिने जातात. क जीवनसत्त्वाच्या उणिवेत मात्र थेंब सुरू केल्यावर आठवड्याभरात फरक दिसतो : प्राणी कोथिंबिरीची पिशवी वाजली की पुन्हा शिट्टी घालतो. हाड सडले असेल तर पाय कापावा लागतो. तीन पायांवर गिनिपिग चांगला वावरतो, पण उरलेल्या तळव्यांवरचा भार वाढतो आणि पिंजऱ्याचा तळ तोच राहिला तर आणखी एका पायाची पाळी येऊ शकते.