अडखळल्याची टिंबे आणि गाळल्याची टिंबे

तीन टिंबांचे लोपचिन्ह दोन निरनिराळी कामे करते आणि दोन्हीकडे त्याचे रूप एकच असल्यामुळे एकाची मोकळीक सर्रास दुसरीकडे घेतली जाते. पात्र बोलता बोलता थांबते तेव्हा टिंबे त्या पात्राची असतात. अवतरणातला मजकूर गाळला जातो तेव्हा ती अवतरण देणाऱ्याची असतात.

“मी येणार होतो, पण...” या वाक्यातून कोणी काही काढलेले नाही. बोलणे तेवढेच आहे, पुढचे वाचकाने ओळखायचे आहे. बोलणे दुसऱ्याने मध्येच तोडले असेल तर येथे अपसारणचिन्ह अधिक शोभते, कारण टिंबांनी आवाज विरतो आणि आडव्या रेघेने तो तुटतो. टिंबे तीनच पुरतात; सात-आठ दिल्याने भावना गहिरी होत नाही. (प्रत्येक संवादाला टिंबे जोडण्याची हौस पात्रांना उगीचच दम लागल्यासारखे बोलायला लावते.)

अवतरणात मात्र प्रश्न शैलीचा नसून प्रामाणिकपणाचा आहे. मूळ वाक्य असे आहे असे समजू: “हा प्रस्ताव, त्यातील हिशेबाच्या चुका दुरुस्त केल्यास, मान्य करण्यासारखा आहे.” याचे “हा प्रस्ताव... मान्य करण्यासारखा आहे” असे रूप केले, तर चिन्ह नियमाप्रमाणे वापरूनही अट नाहीशी होते आणि लिहिणाऱ्याच्या तोंडी भलतेच मत घातले जाते. मराठीत तर वाक्याचे शेपूट तोडणे सर्वांत धोक्याचे, कारण आपला नकार बहुधा शेवटी येतो. “ही पद्धत सर्वांना उपयोगी पडते असे म्हणता येत नाही” हे वाक्य “पडते” या शब्दावर थांबवून पुढे टिंबे दिली, की अर्थ उलटा होतो. म्हणून गाळलेला भाग मनात परत घालून वाक्य वाचावे आणि अर्थ बदलत असेल तर तो भाग गाळू नये.

दोन-तीन शब्दच उचलून आपल्या वाक्यात गुंफले असतील, तर त्यांच्या मागेपुढे टिंबे देण्याची गरज नसते. तो तुकडा आहे हे अवतरणचिन्हांवरून कळतेच. पूर्ण वाक्यानंतरचा मजकूर गाळताना आधी त्या वाक्याचा पूर्णविराम द्यावा आणि मग तीन टिंबे द्यावीत, म्हणजे एकूण चार दिसतात. अडखळण्याच्या टिंबांपुढे वेगळा पूर्णविराम सहसा देत नाहीत, प्रश्नचिन्ह मात्र चालते: “म्हणजे तू...?”

खरी पंचाईत होते ती मूळ मजकुरातच अडखळण्याची टिंबे असली म्हणजे. मुलाखतीत कोणी “तेव्हा... काय सांगू” असे म्हटलेले असते आणि त्याच उताऱ्यातली पुढची दोन वाक्ये आपल्याला वगळायची असतात. अशा वेळी आपली टिंबे चौकोनी कंसात [...] अशी लिहावीत आणि मूळची तशीच ठेवावीत.