ताणलेल्या रबरातील स्फटिक

रुंद रबरबँड ओठांना लावून झटक्यात ताणला, तर तो किंचित गरम लागतो. तसाच ताणलेला धरून थोडा वेळ निवू दिला आणि मग एकदम सैल सोडला, तर ओठांना स्पष्ट गारवा जाणवतो. इंग्लंडमधील केंडल गावच्या जॉन गॉफ यांनी १८०५ मध्ये हे निरीक्षण नोंदवले. लहानपणीच देवीच्या आजारात दृष्टी गमावलेल्या या अभ्यासकाने ओठांनाच तापमापक केले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. पुढे १८५९ मध्ये जेम्स ज्यूल यांनी मोजमापांनिशी त्यांना दुजोरा दिला, पण रबराच्या आत डोकावण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ते क्ष-किरणांनी दिले. १९२५ मध्ये डच शास्त्रज्ञ जे. आर. काट्झ यांनी सैल रबरातून क्ष-किरण सोडले, तेव्हा द्रवातून उमटावे तसे धूसर कडे उमटले. रबर कित्येक पट ताणल्यावर मात्र रेखीव ठिपके दिसू लागले आणि ताण काढताच ते नाहीसे झाले. हे ठिपके स्फटिकांचे, म्हणजे रेणू शिस्तीत रचले गेलेल्या भागांचे होते.

याची उष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या नियमांवर आधारलेली, मीमांसा रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांनी १९४७ मध्ये मांडली. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. सैल साखळी असंख्य प्रकारे वेटोळी होऊन पडू शकते, आणि स्फटिकात बसताना तिला ही सारी मोकळीक, म्हणजेच एन्ट्रॉपी, सोडावी लागते. ताणलेल्या साखळीने त्यातला काही भाग आधीच सोडलेला असतो. त्यामुळे वितळणबिंदू वर सरकतो आणि एरवी जिथे स्फटिक धरलेच नसते, त्या तापमानालाही ते धरू लागतात. ताणाने साखळ्या नुसत्या जवळ ढकलल्या जातात, हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे आहे. नैसर्गिक रबराला चीर गेली की तिच्या टोकाशी ताण सर्वाधिक असतो, नेमके तिथेच स्फटिक तयार होतात आणि चीर पुढे सरकणे अवघड होते. विमानांच्या टायरांत हे रबर आजही लागते, ते मुख्यतः याच गुणामुळे.

वाहत्या द्रावणातही हेच घडते. १९६० च्या दशकात आल्बर्ट पेनिंग्ज यांना ढवळलेल्या पॉलिइथिलीनच्या द्रावणात सळईवर ओवलेल्या कबाबांसारखे स्फटिक आढळले: ताणल्या गेलेल्या साखळ्यांची मधली सळई आणि तिच्यावर वाढलेल्या घडीदार चकत्या.

सोड्याच्या पेट (PET) प्लास्टिकच्या बाटलीची पातळ भिंत आतला दाब सोसते, कारण ती उभी-आडवी ताणून फुगवताना तिच्यात प्रकाश न अडवणारे बारीक स्फटिक तयार होतात. तेच प्लास्टिक ताणाशिवाय सावकाश निवू दिले, तर ते पांढरट आणि ठिसूळ होते.