घाटापलीकडचा पाऊस

पहाटे चोर्ला घाट उतरून बेळगावचा टेंपो गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात येतो. कोबीचे गड्डे दवाने ओले असतात. भर जुलैत आमच्या परसात भेंडी, दोडकी, तवशी (काकड्या) भरपूर, पण टोमॅटो तग धरत नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मातीत त्याची मुळं कुजतात. सह्याद्री ओलांडेपर्यंत ढगांतलं बरंच पाणी पश्चिम उतारावर पडून गेलेलं असतं. दोन-अडीच तासांच्या वाटेवर दोन वेगळे पावसाळे! आमच्या भाजीचा भाव या फरकावरच तोलला जातो.

समजा, सारखंच पिकवणारे दोन प्रदेश आहेत आणि एकाच्या हवामानाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. दोघांचा माल एकाच बाजारात आला, तर एकूण आवकेतला चढउतार टक्केवारीत जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो. असे चार प्रदेश जोडले, तर तो निम्म्यावर येतो. हे महत्त्वाचं आहे, कारण माल थोडा जरी कमी पडला तरी भाव त्याहून कितीतरी जास्त चढतो. जेवण कुणी पुढच्या महिन्यावर ढकलत नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हनंट या अर्थविषयक लेखकाने १६९९ सालीच मांडलं होतं, की धान्य एक दशांश घटलं तर भाव तीन दशांश वाढतो.

वाट अडली की काय होतं, हे गोव्याने दोनदा पाहिलंय. १९५५ मध्ये भारताने पोर्तुगीज राजवटीची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा बटाटा हॉलंडहून बोटीने आला आणि तांदूळ पाकिस्तानातून. बेळगाव तेव्हाही तिथंच होतं. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सीमा बंद झाल्या. आमच्या वाड्यावर पेजेबरोबर नुसतं लोणचं, असे ते दिवस मी विसरलेले नाही.

देशांच्या सीमांवरही हेच घडतं. २००७-०८ मध्ये जगात भाताचं पीक बुडालं नव्हतं. तरी भारताने, मग व्हिएतनामने निर्यात रोखली, आयात करणारे देश घाबरून साठे करू लागले, आणि थायलंडच्या तांदळाचा भाव काही महिन्यांत टनामागे १००० डॉलरच्या वर गेला.

माझी काळजी वेगळी आहे. सगळी भिस्त एकाच घाटावर आणि एकाच बाजारपेठेवर असेल, तर प्रदेश जोडल्याचा फायदा उरत नाही. चोर्ल्यात दरड कोसळली की गाड्यांना अनमोडच्या दुसऱ्या घाटाने यावं लागतं. म्हणून अनमोडचा रस्ता खचल्याची बातमी आली, की मी आधी घरातले कांदे-बटाटे मोजते.