दाहक स्तनकर्करोग : बायोप्सीचा अहवाल येईपर्यंत जनआरोग्य योजनेची कागदपत्रं तयार ठेवा

स्तनाचा कर्करोग म्हटलं की आपण गाठ शोधतो. दाहक स्तनकर्करोगात बहुतेकदा गाठ हाताला लागतच नाही. काही आठवड्यांत स्तन लाल होतो, सुजतो, गरम लागतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध साचलं म्हणून, नसेल तर गळू म्हणून गोळ्या मिळतात. गोळ्यांचा एक कोर्स संपूनही लाली उतरली नाही, तर दुसऱ्याची वाट पाहू नका. बायोप्सीबद्दल, म्हणजे स्तनाचा छोटा तुकडा काढून तपासण्याबद्दल, स्वतःहून विचारा.

स्तनकर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे एक ते पाचच. पण निदान होतं तेव्हाच आजार चारपैकी किमान तिसऱ्या टप्प्यात असतो. अमेरिकेतल्या आकडेवारीत निदानानंतर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे 40 टक्के आहे. आजार शरीरात दूरवर पसरण्याआधी सापडला तर ते निम्म्याच्या आसपास जातं, पसरल्यावर 20 टक्क्यांच्या आत येतं. म्हणूनच मोफत उपचारांच्या योजनेच्या कागदपत्रांसाठी तहसीलच्या खेटांमध्ये गेलेला एकेक आठवडा मला फार मोलाचा वाटतो.

कोण पात्र?

राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पूर्वी पिवळं, केशरी कार्ड आणि मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांतले पांढरं कार्ड असलेले शेतकरी एवढेच येत. 2023 च्या शासन निर्णयाने ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. संरक्षण वर्षाला 5 लाख रुपये, पण ते अख्ख्या कुटुंबाचं मिळून आहे, हे लक्षात असू द्या.

कागदपत्रं

रेशनकार्ड, आधार आणि आजाराचे अहवाल, एवढंच. अडतं ते नावापाशी. लग्न होऊन वर्षं झाली तरी सुनेचं नाव सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं, माहेरच्या कार्डावरून कधीच उतरलेलं असतं. नाव अजून माहेरच्या कार्डावरच असेल तर तेच कार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. कुठेच नसेल तर त्याच दिवशी तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज द्या. माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला, विवाहाचा पुरावा आणि आधार सोबत न्या. आधारवरचं आणि कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनी कार्ड गावी ठेवून जाऊ नये, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

मंजुरी कशी मिळते?

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. तो नोंदणी करतो. मग रुग्णालय बायोप्सीच्या अहवालासह ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. उपचार मोफत होतात, रुग्णाने पैसे भरायचे नसतात. पैसे मागितले तर किंवा जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे हे विचारायचं असेल तर 155388 वर फोन करा.

या आजारात आधी केमोथेरपी, नंतर शस्त्रक्रिया, नंतर रेडिएशन असा क्रम असतो. "आधी काढूनच टाका" असा आग्रह घरचे धरतात. त्यांची भीती समजते, पण सूज कातडीतल्या रसवाहिन्यांत कर्कपेशी अडकल्याने आलेली असते आणि केमोने ती ओसरल्याशिवाय शस्त्रक्रिया नीट होत नाही. बायोप्सीच्या नमुन्यावर ईआर, पीआर (कर्कपेशींवर संप्रेरकांचे ग्राहक आहेत का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या झाल्यात ना, हेही विचारा, कारण पुढची औषधं त्यावर ठरतात. उपचारांचे टप्पे वेगळे म्हणून मंजुऱ्याही वेगळ्या. शेवटच्या केमोच्या आधीच शस्त्रक्रियेच्या मंजुरीचं आरोग्यमित्राशी बोलून ठेवा.

कुठे जावं?

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात केमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन एकाच आवारात होतात. धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ पडतं.

योजनेत न बसणारा खर्च निघाला तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. येण्या-जाण्यासाठी एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेतही कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते. त्या सवलतीच्या अर्जाचा नमुना रुग्णालयातून सही-शिक्क्यासह भरून घ्यावा लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्या.