पणजोबांचा कागद शोधताना: मराठवाड्यातल्या शेतीच्या नोंदी अशा का आहेत

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा समाजाला कुणबी दाखले द्यायला निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि तेव्हापासून खासरा पत्रक, पाहणी पत्रक, सेतवार हे जमिनीच्या जुन्या नोंदींचे शब्द चहाच्या टपरीवर पण ऐकू यायला लागले. त्याआधी हे शब्द फक्त भावकीच्या कोर्टकेसमध्ये असायचे. आता दाखल्यासाठी शोधणारे लोक जातीचा एक शब्द सापडला की फोटो काढतात आणि निघतात, पण त्याच कागदांत पणजोबा काय पेरत होते, विहिरीला तगाई म्हणजे सरकारी कर्ज कधी उचललं, बहिणी कोणत्या गावाला दिल्या हे सगळं पडलेलं असतं. फक्त तो कागद कुठल्या राजवटीत लिहिलाय हे माहीत पाहिजे, नाहीतर काहीच लागत नाही.

कारण बघा, १९०५-१० च्या आसपास जन्मलेला आपल्याकडचा शेतकरी निजामाच्या राज्यात वाढला, सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर भारतातल्या हैदराबाद राज्यात आला, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबईत गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि या सगळ्यात तो आपल्या बांधावरून हलला सुद्धा नव्हता. कागद मात्र दर वेळी बदलला.

सुरुवात निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याच्यापासून करावी लागते. आधी वसुली देशमुख, मक्तेदार (वसुलीचा मक्ता घेतलेले) यांच्या हातात, म्हणजे सरकारला शेतकऱ्याचं नाव माहीत असायची गरजच नव्हती. १८६५ ला जिलाबंदी झाली, जिल्हे-तालुके आखले, आणि पुढच्या दशकांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन सर्वे नंबर पडले. सर्वे नंबर, क्षेत्र, आकार म्हणजे शेतसारा आणि खातेदार हे एका ओळीत आले ते इथून. पण हे दिवाणी म्हणजे खालसा गावांचं. गाव जहागिरीत असेल किंवा सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगीत असेल तर हिशेब वेगळ्या दफ्तरात, आणि जहागिरी ऑगस्ट १९४९ मध्ये रद्द झाल्या तेव्हा कुठं अशी गावं सरकारी महसुलात आली. त्यामुळं शेजारच्या गावाचं सापडतं आणि आपलं नाही, यात तहसीलवाल्याचा दोष असतोच असं नाही. आधी गाव कशात होतं ते विचारा.

मग येते तारीख. हैदराबादेत फसली साल म्हणजे महसुलाचं वेगळं साल चालायचं. फसलीत ५९० मिळवले की इसवी साल मिळतं, फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. शेवटी शेवटी हे वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं त्यामुळं एक वर्ष इकडं तिकडं धरून चला. आकाराचे रुपये पण हाली सिक्क्याचे म्हणजे निजामाच्या नाण्याचे, सहा कलदारला (इंग्रजी रुपयांना) सात हाली असा साधारण भाव, म्हणून जुना सारा आणि नंतरचा सारा सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका.

आणि नाव. आडनाव बहुतेक नसतंच. 'नामा वल्द सटवा, कौम कुणबी' एवढंच, म्हणजे सटवाचा मुलगा नामा, जात कुणबी. एका गावात असे तीन नामा निघतात, मग बाप, सर्वे नंबर आणि शेजारचा खातेदार असं जुळवत बसावं लागतं. पटवारी बऱ्याच ठिकाणी मोडीत लिहायचा आणि तालुक्याच्या वर कारभार उर्दूत, त्यामुळं मोडीवाला वेगळा आणि उर्दूवाला वेगळा शोधावा लागतो, आणि दोघांनी एकच नाव दोन तऱ्हेनं वाचलं तर घाबरायचं नाही.

जिल्ह्याचं पण लक्षात ठेवा. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत, आणि लातूर जिल्हा झाला १९८२ ला. जालना १९८१, हिंगोली १९९९. आज लातूरला जाऊन १९४० चं काही मागितलं तर ते तिथं असेलच असं कसं होईल. वरच्या पातळीचं निजामाचं दफ्तर तर हैदराबादला तेलंगणाच्या पुराभिलेखात आहे.

मराठवाड्यात खरी पकड येते ती १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासून. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानं कुळाला संरक्षण दिलं होतं, त्यामुळं जमीन कुणाची आणि कसतंय कोण हे दोन्ही कागदावर यायला लागलं. पणजोबा खातेदार नसून कूळ असतील तर ते पहिल्यांदा इथंच भेटतात. सालगडी असतील तर इथंही नाहीत. सारा भरणारा माणूसच या दफ्तराला दिसतो, हे त्याचं जुनं दुखणं आहे.

माझ्या मते सगळ्यात जास्त जीव आहे तो फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. सातबाऱ्यावर नुसतं नाव आणि गोलात एक आकडा असतो, तो आकडा धरून फेरफार काढायचा. आमच्या घरच्या एका जुन्या फेरफारात लिहिलंय, खातेदार मयत, वारस थोरला मुलगा ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या तीन अक्षरांमागं धाकटे दोन भाऊ आणि त्यांची आई गडप झालेत, नंतर वाटणीचा फेरफार झाला तेव्हा भाऊ बाहेर आले, आई आलीच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींना पण वारस म्हणून लावावं लागलं, मग लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोड. पण त्यातच त्यांचं सासरचं नाव आणि गाव मिळतं, आणि घरात कुणालाच माहीत नसलेली एक आत्या आम्हाला अशीच सापडली.

सातबाऱ्यात बाराच्या बाजूला पीकपाणी असतं. जवारी, कापूस, तूर, करडई, एखाद्या वर्षी सगळंच पडीत. १९७२ च्या आसपासची पानं मुद्दाम बघा, त्या दुष्काळात अर्धा मराठवाडा खडी फोडायला गेला होता आणि गट नंबरात काय पेरलं होतं (किंवा नव्हतं) ते तिथं दिसतं. हो, गट नंबर. जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत सर्वे नंबरचे गट झाले, इथं साखळी तुटते आणि लोक हात टेकतात. जुना नंबर-नवा नंबर जुळवायला एकत्रीकरणाचा उतारा लागतो, तो भूमी अभिलेखला मागायचा, तहसीलला नाही.

वयासाठी शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर बघतात, पण तिथं १ जून दिसली की ती गुरुजींनी टाकलेली तारीख समजा. त्यापेक्षा पैठण नाहीतर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी बरी, तिथं गावावरून आणि आडनावावरून वही निघते आणि कोण कुणाच्या अस्थी घेऊन आला होता ते त्याच्या पिढ्यांसकट लिहिलेलं असतं. जाताना मूळ गाव, जुना तालुका आणि कुळी म्हणजे घराण्याचं मूळ नाव सांगता आली पाहिजे, आजचा पत्ता तिथं काही कामाचा नाही.