उद्यमबागेतला रस आणि पृथ्वीचा गाभा

बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस पाहिली, तर खाली जाळ कुठेच दिसत नाही. तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह सोडला की मुशीतल्या भंगारातच वीज खेळू लागते. लोखंड स्वतःच्या विद्युतरोधाने तापतं आणि 1500 अंशांच्या आसपास त्याचा रस होतो. वेटोळ्याच्या नळीतून मात्र सतत पाणी फिरवावं लागतं, कारण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. शंभर अंश चढले की 40 टक्के!

असं का होतं? धातूत वीज वाहतात ते मोकळे इलेक्ट्रॉन. तापमान चढलं की अणू थरथरतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडते, चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीतून बाजार करून येताना आपली अडते तशी. लोखंडात 770 अंशांपर्यंत अणूंच्या चुंबकत्वाची शिस्तही मोडत जाते, म्हणून रोध झपाट्याने चढतो. पुढे चढण मंदावते. वितळण्याच्या उंबरठ्यावर तो थंड लोखंडाच्या बारापटीहून अधिक असतो. तोवर इलेक्ट्रॉनाची दोन टकरींमधली धाव अणूंमधल्या अंतराएवढीच उरते. ती आणखी आखडायला जागाच नसते.

दाबाचं काम बहुधा उलटं. अणू एकमेकांना चिकटून घट्ट बसतात, त्यांची थरथर कमी होते आणि रोध उतरतो. सोडियम मात्र चकवतो. सुमारे 20 लाख वातावरणांच्या दाबाखाली हा चकचकीत धातू काचेसारखा पारदर्शक होतो आणि वीज वाहून नेणंच सोडून देतो. हे 2009 मध्ये दिसलं. मला तर धातूंच्या दुनियेतलं हे सगळ्यात मोठं नवल वाटतं.

उष्णता आणि दाब यांची खरी रस्सीखेच आपल्या पायांखाली चालू आहे. साधारण 2900 किलोमीटर खोलीवर लोखंडाचा रस सुरू होतो. पृथ्वीच्या केंद्राजवळ दाब 33 लाख वातावरणांच्या पुढे आणि तापमान 5000 अंशांच्या आसपास. हाच रस घुसळून पृथ्वीचं चुंबकत्व तयार होतं. धातूत वीज आणि उष्णता मुख्यतः तेच इलेक्ट्रॉन वाहतात. म्हणून लोखंड तिथे वीज सहज नेत असेल, तर उष्णताही न घुसळताच निसटते.

2016 मध्ये दोन गटांनी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये लोखंडाचा कण दाबून, लेझरने तापवून मोजमाप केलं. एकाने रोध मोजला, दुसऱ्याने उष्णता कशी पसरते ते पाहिलं. त्यांवरून काढलेल्या उष्णतावहनाच्या आकड्यांत दुपटीहून अधिक फरक निघाला. लहान आकडा धरला तर पृथ्वीचा घट्ट आतला गाभा, म्हणजे रसाच्या मध्यभागी गोठलेला लोखंडाचा गोळा, अब्जावधी वर्षं जुना असू शकतो. मोठा धरला तर उष्णता भराभर निसटते आणि तो शंभर कोटी वर्षांच्या आतला ठरतो. पण 340 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही चुंबकत्वाची खूण सापडते. आज रस घुसळायला या गाभ्याचं गोठणंच मोठा हातभार लावतं. मग गाभा गोठायला लागण्याआधी तो रस घुसळत कोण होतं?