लिनक्सवरील संथ वाय-फाय : निदान व उपाय

लिनक्स संगणकावर वाय-फायचा वेग का पडतो, हे शोधून दोष दूर करण्याची पद्धत. मंदपणा ब्रॉडबँडच्या लाइनीत आहे की राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये, हे आधी ठरवावे लागते. लॅनची केबल लावून वेग मोजला, की त्याचा उलगडा होतो : केबलवर पूर्ण वेग मिळाला, तर दोष वाय-फायमध्ये. ही पायरी गाळून थेट लिनक्स पुन्हा टाकणाऱ्यांची मेहनत बहुधा वाया जाते.

ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रोडच्या टॉवरांत, लॅपटॉपला वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरांचेही राउटर दिसतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल (पट्ट्याचे ठरावीक भाग) मात्र तीनच धरतात : १, ६ आणि ११. चॅनल तोच असला की सगळ्यांना आळीपाळीने बोलावे लागते. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण काँक्रीटच्या भिंतींत हा सिग्नल लवकर क्षीण होतो. हॉलमधल्या राउटरपासून आतल्या बेडरूमपर्यंत दोन भिंती आल्या, की लॅपटॉप अनेकदा २.४ वर परततो.

हे टर्मिनलमध्ये स्पष्ट दिसते. ‘आयडब्ल्यू’ (iw) या वाय-फायची माहिती देणाऱ्या कमांडच्या ‘लिंक’ पर्यायात फ्रिक्वेन्सी २४३७ (मेगाहर्ट्झ) आली, तर जोडणी चॅनल ६ वर आहे. सिग्नल उणे ५० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) आसपास असेल तर उत्तम. उणे ७५ च्या खाली गेला, तर राउटरची जागा बदलून पाहावी.

सिग्नल चांगला असूनही वेग नसेल, तर पहिला संशय पॉवर सेव्हवर घ्यावा. बॅटरी वाचवण्यासाठी वाय-फाय कार्ड मधूनमधून झोपते. राउटरला पिंग केल्यावर (छोटा संदेश पाठवून उत्तराचा वेळ मोजल्यावर) दोन-चार मिलिसेकंदांत येणारे उत्तर मध्येच शंभरच्या पुढे उडी मारते, ही त्याची खूण. ‘आयडब्ल्यू’ने पॉवर सेव्ह बंद करता येते, पण रीस्टार्टनंतर तो बदल टिकत नाही, कायमचा हवा असेल, तर नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये वाय-फाय पॉवरसेव्हची किंमत २ (म्हणजे बंद) ठेवतात.

त्यानंतर ‘डीमेसेज’ (dmesg) या लिनक्सच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये फर्मवेअर (कार्ड चालवणारे आतले सॉफ्टवेअर) न सापडल्याची तक्रार आहे का ते पाहावे. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो. राउटरवर जुने टीकेआयपी एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करण्याची पद्धत) असेल, तर जोडणी ५४ मेगाबिटपुरती अडकते. त्याऐवजी डब्ल्यूपीए२ एईएस ही नवी पद्धत निवडावी. यूएसबी ३ चे पोर्टही २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते, म्हणून वाय-फाय डोंगल (यूएसबीत लावायचे बाहेरचे कार्ड) छोट्या एक्स्टेन्शन केबलने लॅपटॉपपासून लांब ठेवतात.